ओकिताबेचं वाण

किनुए सागारांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हमखास एक चूक करायचा. दारात बूट काढता काढता भिंतीलगतच्या काचेच्या टाकीत डोकावायचा आणि विचारायचा, "छान आहेत हो! कुठल्या दुकानातून आणले?" झालं. त्या पाहुण्याला चहा मिळायचा, पण चहाबरोबर गोडधोड काही मिळायचं नाही. दुकानातून पिशवीत घालून आणलेला मासा आणि गुडघाभर चिखलात उभं राहून स्वतः धरलेला मासा यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी पुढे काय बोलायचं, असा किनुएबाईंचा खाक्या होता.

वय सत्तर. उंची बेताची, आवाज मात्र बाराशे मुलांच्या स्वयंपाकघरात घडलेला. ओकायामातल्या शाळांना दुपारचं जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली. एकतीस वर्षांत आपल्या हातचं खाऊन एकाही पोराचं पोट बिघडलं नाही, हे त्या कुणी न विचारताही सांगायच्या. मासे चिरायची फळी वेगळी, भाजीची वेगळी. नवी आलेली एखादी पोरगी त्यात गफलत करायची, तेव्हा किनुएबाई तिला अशी झापायच्या की ती पुन्हा जन्मात फळीला हात लावताना दोनदा बघायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. घरात अकरा टाक्या, आणि प्रत्येक टाकीची छोटी जाळी वेगळ्या खिळ्याला टांगलेली.

त्या अकरांतल्या चार टाक्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांत तानागो होते, ओकिताबेच्या नाल्यातले.

तानागो म्हणजे अंगठ्याएवढा चपटा मासा. एरवी पाहिलात तर चंदेरी, साधा. वसंत आला की मात्र नराच्या अंगावर गुलाबी झाक चढते आणि मादीला एक लांब बारीक नळी फुटते. ती नळी जिवंत शिंपल्याच्या फटीत खुपसून मादी त्याच्या पोटात अंडी घालते, आणि महिनाभराने पिल्लं शिंपल्यातूनच बाहेर पडतात. म्हणजे तानागो वाढवायचा तर आधी शिंपला सांभाळायला हवा. आणि शिंपला सांभाळणं म्हणजे रुसलेल्या जावयाला जेवू घालण्यासारखं आहे. काय हवंय ते सांगत नाही, तोंड मिटून बसतो, आणि एके दिवशी उघडून बघावं तर मेलेला. किनुएबाईंनी पंचवीस वर्षं हे जावई सांभाळले. दर वसंतात शेतकऱ्यांच्या कालव्यातून टोपलीभर शिंपले मागून आणायचे, पिल्लं बाहेर पडली की ते शिंपले हाताने नेऊन त्याच चिखलात ठेवायचे. माशांना बिनमिठाची उकडलेली पालेभाजी बारीक चिरून घालायची. शेजारीण म्हणायची, "किनुएसान, तुमच्या माशांचं जेवण आमच्या ह्यांच्यापेक्षा बरं असतं." त्यावर किनुएबाईंचं उत्तर ठरलेलं, "मासे ताटात टाकत नाहीत ना!"

ओकिताबे हे भातखाचरांमधलं पन्नास-साठ घरांचं गाव. पंचवीस वर्षांपूर्वी तिथला मातीचा नाला तिन्ही बाजूंनी सिमेंटचा करायचं ठरलं. यंत्र यायच्या आदल्या दिवशी सकाळी किनुएबाई रजा टाकून नाल्यात उतरल्या. काठचं गवत पायाने खळबळवायचं, आत दडलेले मासे घाबरून निघाले की पुढे धरलेल्या जाळीत घ्यायचे. त्या आवाजावरून आमच्याकडे या उद्योगालाच गासागासा म्हणतात. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकतीस तानागो धरले. पुढच्या महिन्यात तो नाला गटारासारखा सरळ आणि गुळगुळीत झाला. चिखल गेला, शिंपले गेले, आणि तानागो तर गेलेच. ओकिताबेचं वाण त्यानंतर जगात एकाच ठिकाणी उरलं, किनुएबाईंच्या घरात.

आता वाण म्हणजे काय, हे या नादातल्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रत्येक टाकीवर पाण्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते. दिसायला दोन मासे अगदी जुळे असोत, पण एक या नदीचा आणि दुसरा त्या नदीचा असेल तर ते एका टाकीत सोडायचे नाहीत. एकदा भेसळ झाली की ती निवडता येत नाही. आणि दुसरी रीत अशी, की दुर्मीळ वाण कधी एकाच घरात ठेवायचं नाही. अर्धं दुसऱ्या विश्वासू घरी द्यायचं. एका घरची वीज गेली, पंप बंद पडला, तरी दुसऱ्या घरी वाण राहतं.

किनुएबाईंचं ते दुसरं घर म्हणजे ओगुशी केंजिरो.

ओगुशी पाण्याचे मीटर वाचणारे. नोकरीत सगळा जिल्हा पायाखालून गेलेला, त्यामुळे कुठल्या गल्लीमागे कुठला ओढा आणि कुठल्या पुलाखाली कुठला मासा हे त्यांना तोंडपाठ. माणूस हसरा, बोलायला मधाळ, आणि हाताने कसबी. किनुएबाईंची फाटलेली जाळी तेच शिवून द्यायचे. बावीस वर्षं दोघं दर रविवारी बरोबर हिंडले. ओगुशींची बायको मित्सुयो डब्यात भाताचे गोळे करून द्यायची, दोघांपुरते, आणि वर म्हणायची, "न्या हो किनुएसान ह्यांना. घरात असले की माझ्या पायात पायात येतात." गावात कुणी कधी वेडंवाकडं बोललं नाही. त्या दोघांत माशांशिवाय दुसरं काही नाही, हे लांबूनही दिसायचं.

अठरा वर्षांपूर्वी किनुएबाईंनी आपल्या ओकिताबेच्या माशांतले निम्मे मोजून ओगुशींच्या हवाली केले. आणि सात वर्षांपूर्वी ओगुशींचे गुडघे गेले, टाकीचं पाणी बदलायला वाकवेना, तेव्हा त्यांनी साठ तानागो दोन बादल्यांतून परत आणून दिले. "तुमची ठेव, किनुएसान. व्याजासकट!" किनुएबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दुपारी ते साठच्या साठ आपल्या चारही टाक्यांत वाटून सोडले. वाण ताजं होईल, नव्या जोड्या जमतील. ओगुशी बादली धरून शेजारी उभे होते.

मग तीन वर्षांपूर्वी गावाला उपरती झाली. शेतकऱ्यांची पाणीसमिती, सरकार आणि वस्तुसंग्रहालय यांनी मिळून ओकिताबेच्या सिमेंटच्या नाल्याला एक बाजूचा फाटा काढला. मातीचा, वळणावळणाचा, काठाला गवत असलेला. दोन उन्हाळ्यांत त्यात शिंपले आले. आता फक्त तानागो हवे होते, आणि ते जगात कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेतली मुलं फाट्याच्या काठी जमणार, किनुएबाई बादली घेऊन येणार आणि मासे पाण्यात सोडणार, असं ठरलं. मुलांनी त्यासाठी कापडावर मोठ्ठा गुलाबी मासाही रंगवला. किनुएबाईंनी नवी बादली घेतली. जुनीला काय झालं होतं, असं शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, "सासरी पाठवताना जुन्या बादलीतून पाठवू?" पंचवीस वर्षं ज्या एका दिवसासाठी जावयांचे रुसवे काढले, तो दिवस तीन आठवड्यांवर आला होता.

संग्रहालयातला तोकुनागा हा तिशीतला अधिकारी लहानपणी त्यांच्याच हातचं जेवलेला. अजून त्यांना काकू म्हणायचा. सोडण्याआधी वाणाची शुद्धता तपासायची पद्धत असते, म्हणून तो येऊन तीस माशांच्या शेपटीचा कणभर तुकडा कापून घेऊन गेला. "काकू, फक्त नियम म्हणून हं."

"ने रे. माझ्या पोरींना काही खोट नाही. आणि गाजर खायला लागलास का आता?"

दहा दिवसांनी तो आला तो दारातच उभा राहिला. बूट काढेना.

"काकू, जरा बसून बोलू या."

किनुएबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली सुरी ओट्यावर ठेवली.

"तीसपैकी एकवीस माशांत दुसरं रक्त आहे. पूर्वेकडचं. गिफूच्या बाजूच्या नदीचं. मी दोनदा तपासून घेतलं."

"मग उरलेले नऊ?"

"ते चांगले निघाले. पण सगळे एकत्रच वाढलेत ना, काकू. त्या नवांच्या पिल्लांचं काय सांगणार? यातला एकही मासा फाट्यात सोडता येणार नाही." तो खाली बघत होता. "बाहेरून कधी कुठले मासे आत आले होते का?"

"छे! ओगुशींकडचे आले, पण ते माझेच." हे बोलताना त्यांना कणभरही शंका आली नाही. ओगुशींवर संशय घ्यायचा तर स्वतःच्या उजव्या हातावरही घ्यावा लागला असता. पण दुसरी एक गोष्ट त्यांना आठवली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या कुणीतरी त्यांना गिफूकडचे सहा तानागो भेट दिले होते. सातव्या टाकीत होते ते. तीन वर्षांनी म्हातारे होऊन मेले.

तोकुनागाने ते ऐकून वहीत टिपून घेतलं.

त्यानंतरचे दिवस किनुएबाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. खिळ्यांवरच्या जाळ्या त्या एकेक करून काढायच्या, बघायच्या, पुन्हा लावायच्या. सातव्या टाकीची जाळी कधी चुकून दुसऱ्या टाकीत गेली असेल? सर्दीने डोकं जड असताना? पंप बदलायच्या घाईत? एकतीस वर्षं जिने फळीवर फळी ठेवू दिली नाही, तीच बाई आता स्वतःला नव्या पोरीसारखी झापत होती, आणि उत्तर काही सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी मान्य करून टाकलं. दुसरं कोण असणार? चूक आपलीच.

मंडळाची सभा सार्वजनिक सभागृहातल्या चटयांच्या खोलीत होती. तेवीस माणसं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, त्यांनी तपासणीचा कागद वाचून दाखवला. तेव्हा ओगुशी घसा साफ करून म्हणाले, "मी एक बोलू का? अकरा टाक्या, एकटी बाई, आणि वय कुणाला चुकलंय. इकडची जाळी तिकडे जाते. माझ्याही हातून गेली असती. किनुएसानना दोष देऊ नका. मी बावीस वर्षं ओळखतो त्यांना."

किनुएबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ओगुशींच्या मोठ्या मनामुळे. त्या चटईवर पुढे सरकल्या, दोन्ही हात टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. "माझ्या निष्काळजीपणामुळे सगळ्यांची मेहनत वाया गेली. मुलांचाही विरस झाला. मला माफ करा." त्या तशाच राहिल्या. मग ओगुशी उठून आले, त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "उठा, किनुएसान. असू द्या आता."

दोन दिवसांनी त्या पांढऱ्या पीचची पेटी घेऊन ओगुशींच्या घरी गेल्या. मंडळाची माफी मागून झाली होती, पण ओगुशींची वेगळी मागायला हवी होती. त्यांनी अकरा वर्षं ठेव जपली, व्याजासकट परत केली आणि आपण ती मातीत घातली, हे त्यांना झोपू देत नव्हतं.

ओगुशी न्हाव्याकडे गेले होते. मित्सुयोने जवाचा थंड चहा पुढे ठेवला आणि तिथेच बसून पीच सोलायला घेतला. पेटीकडे बघून ती संकोचून हसली.

"तुम्ही कशाला आणलं हो हे? उलट मीच आणायला हवं. दहा वर्षं झाली, पण मला अजून तुमच्यापुढे यायला लाज वाटते."

"लाज? ती कशाची?"

"अहो, ते मेन स्विच! तुम्ही तेव्हा मला एका शब्दाने बोलला नाहीत. तुमच्या जागी दुसरी कुणी असती ना, तर तिने माझं तोंड पाहिलं नसतं."

किनुएबाईंनी कप खाली ठेवला. "मित्सुयोसान, कुठलं मेन स्विच?"

"नागोयाला लेकीकडे गेलो होतो ना आम्ही, ओबोनच्या सुट्टीत, पितरांच्या दिवसांत. निघताना मी सवयीने घराचं मेन स्विच खाली केलं. बिल वाचतं हो तेवढंच. टाक्यांचं लक्षातच आलं नाही. तीन दिवसांनी परत आलो, तर सगळे मासे वर तरंगत होते. एकही नाही वाचला. हे न्हाणीघरात जाऊन रडले. मग म्हणाले, किनुएसानना फोन करून सांगितलंय, त्या म्हणाल्या, असू दे, दुसरे आणा. आणि हे गिफूला जाऊन घेऊन आले चाळीस." सुरी थांबली. किनुएबाईंचा चेहरा तिच्या आता लक्षात आला. "तुम्हाला... सांगितलं होतं ना त्यांनी?"

किनुएबाईंच्या पायाखालची जमीन सरकली होती. दुसरे आणा! हे शब्द आपल्या तोंडी घातले? ओकिताबेचे मासे मेले तर दुसरे आणा, असं म्हणणारी बाई दहा वर्षं या घरात त्यांच्या नावाने वावरत होती आणि मित्सुयो तिचे उपकार मानत होती.

दार वाजलं. ओगुशी आत आले, मानेवर केस चिकटलेले, गालावर ताजी पावडर. "अरे वा, पीच!" म्हणाले, आणि मग दोन्ही बायकांकडे पाहून एक बूट पायात असतानाच थांबले.

"अहो," मित्सुयो म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं ना किनुएसानना? मेन स्विचचं?"

ओगुशींनी दुसरा बूट काढायला घेतला.

"सांगणार होतो," ते म्हणाले.

"कधी?" किनुएबाईंनी विचारलं.

"दर उन्हाळ्यात ठरवायचो. तुम्ही त्या माशांबद्दल बोलायला लागलात की शब्द फुटायचा नाही. तुमचा जीव त्यांच्यात किती, ते मला..."

"मी चिडले असते. चार दिवस बोलले नसते. पाचव्या दिवशी बादली घेऊन तुमच्या दारात आले असते! माझ्याकडे होते ना हो अर्धे? त्यातले अर्धे पुन्हा तुम्हाला दिले असते. ह्याच दिवसासाठी तर दोन घरी ठेवले होते, ओगुशीसान!"

"तोंड कसं दाखवायचं, हेच कळेना मला."

"आणि परत आणलेत तेव्हा? माझ्या टाक्यांत सोडत होते मी. तुम्ही बादली धरून उभे होतात. हात नाही थरथरले तुमचे?"

"दिसायला अगदी तसेच होते," ओगुशी हळू म्हणाले. "मलाच कधी कधी वाटायचं, तेच आहेत."

"आणि परवा?" इतका वेळ चढलेला किनुएबाईंचा आवाज इथे एकदम खाली आला. "मी डोकं टेकलं तेव्हा? तुम्हाला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही उठून आलात आणि मला म्हणालात, उठा, असू द्या. तुम्ही मला माफ केलंत, ओगुशीसान! तुम्ही, मला!"

मित्सुयो ओंजळीत तोंड घालून रडत होती. ओगुशी मटकन पायरीवर बसले. म्हणाले, "पुढच्या सभेत मी सांगतो. सगळं. शब्द देतो. फक्त मला माझ्या तोंडाने सांगू द्या. एवढी एक भीक घाला."

किनुएबाईंनी त्यांच्या मानेवर चिकटलेल्या केसांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं." आणि निघताना त्यांनी पीचची पेटी उचलून बरोबर घेतली. दोन सोललेले होते, ते तेवढे तिथे राहिले.

त्या महिन्यात त्या कुणापाशी अवाक्षर बोलल्या नाहीत. तोकुनागाचा फोन आला, मासे सोडायचा कार्यक्रम रद्द झाल्याचं त्याने चाचरत सांगितलं. तेव्हाही त्या फक्त "हं" म्हणाल्या. शब्द दिला होता. पण आतून त्या धुमसत होत्या. सकाळी पालेभाजी चिरून टाकीपाशी गेल्या की मासे नेहमीसारखे वर यायचे, आणि त्यांना त्या माशांकडे बघवायचं नाही. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? तरी बघवायचं नाही. वाण गेलं हे दुःख होतंच, पण ते गिळता आलं असतं. बावीस वर्षांतला एकेक रविवार आठवायचा आणि नासायचा. ओगुशींनी शिवून दिलेली जाळी, बादली धरताना मारलेली व्याजाची थट्टा, ओढ्याकाठी खाल्लेले भाताचे गोळे. यातलं कुठलं खरं धरायचं? केसाने गळा कापला म्हणतात, तसं झालं होतं, आणि कापणाऱ्याच्या हातून आपण प्रेमाने केस विंचरून घेत होतो, या विचाराने त्यांना स्वतःचाही राग यायचा. शेजारणीने एकदा विचारलं, "आताशा रविवारी जात नाही का हो?" तर म्हणाल्या, "पाणी गढूळ आहे." एकदा मात्र त्या एकट्याच ओकिताबेच्या फाट्यावर गेल्या. काठाला गवत छान वाढलं होतं. तळाशी शिंपले तोंड किलकिलं करून पाणी ओढत होते. तानागोसाठी सगळी तयारी झालेली होती, आणि तानागो कुठेच नव्हता. त्या तिथे उभ्या राहून रडल्या.

मग सभेचा दिवस आला. किनुएबाई लवकर जाऊन दाराकडे तोंड करून बसल्या. ओगुशींची बसायची उशी रिकामी होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. अध्यक्षांनी खिशातून एक पत्र काढलं.

"एक वाईट बातमी आहे. ओगुशीसाननी मंडळ सोडलंय. गुडघ्याचं दुखणं वाढलंय, सभेला येणं जमणार नाही म्हणतात. सगळ्यांना नमस्कार कळवलाय." त्यांनी पत्र उलटून पाहिलं. "बाकी काही नाही."

बाकी काही नाही. किनुएबाईंच्या कानात ते तीन शब्द राहिले. म्हणजे दुसऱ्यांदा फसवलं. पहिल्या वेळी निदान भीती होती. या वेळी ओगुशींनी गप्प राहायचा शब्द मागून घेतला होता, आणि तो खिशात घालून घरी बसले होते.

"तर मंडळातर्फे त्यांना काही द्यावं असं वाटलं," अध्यक्ष म्हणाले आणि एक जाड चौकोनी पुठ्ठा पुढे केला. कुणी नोकरी सोडली, गाव सोडलं की आमच्याकडे असा पुठ्ठा हातोहात फिरवतात आणि प्रत्येकजण त्यावर दोन ओळी लिहितो. मध्यभागी जागा मोकळी असते, ती सगळ्यांत जवळच्या माणसाची. "मध्ये अर्थातच किनुएसाननी लिहायचं. त्यांचा मान पहिला. आणि मागच्या वेळी ओगुशीसान तुमच्या बाजूने कसे उभे राहिले, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय." कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

पुठ्ठा किनुएबाईंच्या पुढ्यात आला, वर पेन. त्यांच्या लक्षात आलं की या खोलीतल्या सगळ्यांच्या मनात आपण म्हातारपणी वाण बुडवलेली बाई आहोत, आणि ओगुशी तिला सांभाळून घेणारे गृहस्थ. अशीच आपली आठवण राहणार. ओगुशींनी आपल्याला कायमचं इथे टेकलेल्या कपाळानिशी ठेवून दिलं आहे.

"मनातलं लिहा हं," अध्यक्ष हसून म्हणाले.

किनुएबाईंनी पेनचं टोपण काढलं. अक्षर त्यांचं मोठं, स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहून लिहून वळण आलेलं, लांबून वाचता येणारं. त्यांनी मध्यभागी लिहिलं:

"ओगुशीसान, दहा वर्षांपूर्वी तुमच्याकडचे ओकिताबेचे मासे सगळे मेले आणि त्यांच्या जागी तुम्ही गिफूचे आणलेत, हे तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी रागावले असते, पण आले असते. सागारा किनुए."

टोपण लावलं आणि पुठ्ठा उजवीकडे सरकवला.

उजवीकडे तोकुनागा होता, तोही मंडळाचा सभासद. त्याने पेन उचललं, वाचलं, पुन्हा वाचलं. त्याचे कान लाल झाले. "काकू..." एवढंच म्हणाला आणि काही न लिहिता पुठ्ठा पुढे दिला. पुढच्याने चष्मा वर केला आणि वाचून खाली ठेवला. तिसऱ्याने किनुएबाईंकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. गप्पा एकेक करून थांबत गेल्या. अध्यक्षांपर्यंत पुठ्ठा पोचला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि चाचरत म्हणाले, "किनुएसान, हे... हे असं..."

"मनातलं लिहा म्हणालात ना तुम्ही," किनुएबाई म्हणाल्या. त्या ताठ बसल्या होत्या.

अध्यक्षांनी पुठ्ठा पुढे दिला. खोलीत पुठ्ठ्यावर बोटं घासल्याचा आवाज तेवढा येत होता. पेन प्रत्येकाच्या हातात जात होतं आणि तसंच पुढे जात होतं. पूर्ण फेरी होऊन पुठ्ठा पुन्हा किनुएबाईंच्या समोर येऊन थांबला, आणि त्यांच्या अक्षराभोवती दुसऱ्या कुणाचीही एक ओळ नव्हती.